तोंड दिसंल असा काढ

गेल्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर मी एका म्हातारीचा फोटो काढला. पिशवी उशाला घेऊन धुळीत झोपलेली, भेगाळल्या टाचा माझ्याकडं. आवाजानं ती जागी झाली. म्हणाली, "बाळा, तोंड दिसंल असा तरी काढ. टाचा काय दाखवतो लोकाला?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोदीत आमचे फोटो असेच निघतात. घामेजली पाठ, वाकली मान. तोंड नाही, नाव नाही. पांढरपेशांच्या भिंतीवर आमची पाठ कला म्हणून टांगली जाते, यावर मी कविता लिहिल्यात. आणि माझ्या हातात मोबाईल आला तर डोळा त्यांचाच निघाला!

जाणकार सांगतात, रस्त्यावर फोटो काढताना विचारू नका, क्षण मरतो. मरू दे. विचारल्यावर जो क्षण येतो तो त्या माणसाचा असतो. लाठी उगारणाऱ्याची परवानगी मात्र मागत बसू नका, तिथं आधी बटण दाबा.

१९४२ साली वॉशिंग्टनमध्ये गॉर्डन पार्क्स या काळ्या फोटोग्राफरनं सरकारी कचेरी झाडणाऱ्या एला वॉटसनला अमेरिकेच्या झेंड्यापुढं उभं केलं, हातात झाडू. तो फोटो गाजला. मला त्याच्या पुढचं मोठं वाटतं. पार्क्स तिच्या घरी गेला, चर्चमध्ये गेला, नातवंडांत बसला. आपल्याकडं सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, तेही एका दिवसात पळून जाऊन नव्हे.

मी आता झूम वापरत नाही. दोन पावलांवर जातो. माणूस बसलेला असेल तर आपणही बसतो. निम्मे लोक नको म्हणतात. नको तर नको, चहा पिऊन पुढं.

पुढच्या अंकासाठी फोटो पाठवा. सोबत त्या माणसाचं नाव आणि होकार पाहिजे. नाव द्यायचं नसेल तर तसं लिहा. चोरून काढलेली गरिबी आम्ही छापणार नाही, मग ती कितीही देखणी असो.

म्हातारीनं नंतर पदर सारखा केला. पिशवीतनं नातवासाठी घेतलेलं बाबासाहेबांचं पुस्तक काढून छातीशी धरलं. "आता काढ." तो फोटो टपालानं तिच्या गावी पाठवलाय. पोच अजून आलेली नाही.