नोकरी गेली, दवाखान्याचे काय?

दिवाळीनंतर एक तरुण आईबरोबर माझ्या दवाखान्यात आला होता. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईच्या कारखान्यात तो चार वर्षे कामाला होता. हर्नियाचे ऑपरेशन दुसरीकडे, खासगीत झालेले. टाके दाखवायचे होते. पैशांची सोय कशी केली, असे सहज विचारले. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझी पोत ठेवली सराफाकडे. ऑगस्टमध्ये याचं काम सुटलं. मग कामगार विम्याचं कार्ड कुठलं चालतंय?"

वाचकहो, ते कार्ड चालत होते. हे त्या माउलीला सांगताना मलाच अवघडल्यासारखे झाले.

राज्य कामगार विमा योजनेत वर्गणीचे दोन हंगाम असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या हंगामात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असेल, तर तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. दुसऱ्या हंगामाचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे हा तरुण ऑगस्टमध्ये घरी बसला तरी आधीच्या वर्गणीवर डिसेंबरअखेर आणि एप्रिल ते ऑगस्टच्या वर्गणीवर पुढच्या ३० जूनपर्यंत त्याचा औषधोपचाराचा हक्क शाबूत होता. दर महिन्याला पगारातून पैसे कापले जात होते, ते याचसाठी. पण काम सोडताना हे त्याला कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. माझे स्पष्ट मत आहे, की हिशेबाच्या कागदाबरोबर 'तुझे कार्ड अमुक तारखेपर्यंत चालेल' अशी एक ओळ लिहून देणे मालकाचे कर्तव्य आहे. त्याला खर्च काय येतो?

खानदेशाला काम सुटण्याची सवय नवी नाही. जळगावची खानदेश मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडल्यावर कित्येक घरांनी पगाराबरोबर दवाखानाही गमावला. स्वतःच्या खिशातून विमा घ्यायचा, ही कल्पनाच तेव्हा आपल्याकडे नव्हती. सरकारी विमा कंपन्यांची 'मेडिक्लेम' १९८६ साली आली आणि बराच काळ ती नोकरदार व व्यापारी मंडळींचीच राहिली.

आज परिस्थिती तेवढी वाईट नाही. २०१२ च्या जुलैत राज्य शासनाने जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. जळगावला ती पुढच्या वर्षी मिळाली. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डापुरती असलेली ही योजना जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही लागू झाली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आले. बेकार माणसाला येथे हप्ता भरायचा नाही. मात्र रेशनकार्ड हवे आणि त्यावर आजाऱ्याचे नाव हवे. सून लग्न होऊन आली, तिचे नाव माहेरच्या कार्डावर. मुलगा पुण्याला गेला म्हणून नाव कमी केलेले. असे घोळ नेमके दवाखान्याच्या दारात उघडे पडतात. काम सुटल्यावर पहिली फेरी तहसील कचेरीला मारावी, विमा एजंटाकडे नंतर जावे.

या योजनेलाही कुंपण आहे. ठरावीक उपचार, ठरावीक रुग्णालये. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीत बसत नाहीत. म्हणून परवडत असेल त्याने स्वतःची छोटी का होईना, पॉलिसी घ्यावी, कर्ज काढून मात्र नव्हे. २०२० पासून 'आरोग्य संजीवनी' नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी सगळ्या कंपन्या विकतात. अटी सारख्या, हप्ता वेगळा. तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्यावी. वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे. अपघात सोडल्यास पहिले ३० दिवस काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते. आजारी पडल्यावर पॉलिसी शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

ज्यांच्या नोकरीत कंपनीचा गटविमा होता, त्यांनी राजीनाम्याच्या आधीच चौकशी करावी. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि गटविम्यात काढलेली वर्षे थांबण्याच्या मुदतीत धरली जातात. कंपनी तपासण्या सांगेल, हप्ता स्वतः भरावा लागेल. तरी पन्नाशीच्या, साखर असलेल्या माणसाला याचा मोठा आधार आहे. घरी बसल्यावर चार महिन्यांनी ही आठवण झाली तर उपयोग नाही.

साखरेवरून आठवले. माझ्या एका नातेवाइकाला एजंटाने सांगितले होते, "दादा, फॉर्मवर साखर लिहू नका, हप्ता वाढतो." पुढे पायाला जखम झाली, केसपेपरवर दहा वर्षांची साखर निघाली आणि दावा फेटाळला गेला. एजंट मोकळा, भरलेले हप्ते पाण्यात. पाच वर्षे सलग पॉलिसी चालली की लपवल्याचे कारण सांगून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, असा नियम आता आहे. पण त्या भरवशावर खोटे लिहू नये. फॉर्म एजंटाला भरू देऊ नये. घरातल्या शिकलेल्या पोरीला बसवून भरून घ्यावा. पॉलिसी हातात आल्यावर वाचून ३० दिवसांत परतही करता येते.

त्या तरुणाला तपासताना दुसऱ्या बाजूलाही हर्नियाची सुरुवात दिसली. घाई नाही, पण ऑपरेशन लागणार. '३० जूनच्या आत कामगार विमा दवाखान्यात दाखवणे' असे चिठ्ठीवर लिहून मी ती त्याच्या आईच्या हातात दिली. पोत अजून सराफाकडेच आहे.