ड्राय सिरप : विचारा, मगच घरी न्या

डॉक्टर लहान मुलाला अँटिबायोटिक लिहून देतात तेव्हा मेडिकलवाला पुष्कळदा कोरड्या पावडरीची बाटली हातात ठेवतो. पाण्यात मिसळल्यावर हे औषध फार दिवस टिकत नाही, म्हणून कंपनी ते कोरडे देते. म्हणजे औषध तयार करण्याचे शेवटचे काम आपल्या घरात होते. हे काम आईवर सोपवायचे आणि सूचना मात्र बारीक इंग्रजी अक्षरांत छापायच्या, हा कुठला न्याय?

पाण्याचे प्रमाण चुकले तर काय होते, याचा हिशोब बघा. तयार झाल्यावर ३० मिली होणाऱ्या आणि ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असणाऱ्या बाटलीत एकूण ७५० मिलिग्रॅम औषध असते. पाणी जास्त पडून ४० मिली झाले, तर ५ मिलीत जेमतेम ९४ मिलिग्रॅम उरते. २० मिलीवरच थांबले, तर तेच १८७ च्या वर जाते. एकदा औषध अपुरे, एकदा जादा. मग आपण म्हणतो, औषध लागू पडले नाही!

योग्य पद्धत अशी : आधी बाटली ठोकून पावडर सुटी करा. खोक्यात पाण्याची छोटी बाटली असेल तर तेच पाणी वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेले पाणी घ्या. गरम पाणी घालू नका. खुणेपेक्षा थोडे कमी पाणी घालून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग बरोबर खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवा. बाटलीवर तारीख लिहा. प्रत्येक वेळी देण्याआधी बाटली हलवा, कारण औषध तळाशी बसते. घरातला चमचा नको. मापाचे झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारखे औषध मिसळल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे लागते, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. घरी फ्रीज नसेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध द्या. मुदतीनंतर उरलेले टाकून द्या. पुढच्या आजाराला किंवा धाकट्या भावंडाला देऊ नका.

माझे स्पष्ट मत आहे की, ही पावडर मेडिकलवाल्याने दुकानातच आपल्यासमोर मिसळून द्यावी, निदान खूण बोटाने दाखवून मराठीत समजावून सांगावी. कंपन्यांनीही सूचना मराठीत छापाव्यात. तोवर वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी शेजारच्या घरातले लेबल वाचून दाखवावे. गर्दी आहे, दुकानदार चिडेल, म्हणून गप्प बसू नका. पैसे मोजून औषध घेतो, तेव्हा ते कसे द्यायचे हे विचारणे हा आपला हक्कच आहे.