नापसंत फोटो फेकू नका

सहा डिसेंबरला दादरहून परतलो की आमच्या कार्यकर्त्यांच्या कॅमेऱ्यांतून चार-साडेचार हजार फोटो निघतात. स्मरणिकेत जागा मात्र चाळीसांची. मग रात्र रात्र संगणकापुढे बसून निवड चालते. पहिला तास कशात जातो म्हणाल, तर व्यासपीठावर कोण कोणाच्या शेजारी उभा आहे ते पाहण्यात! अमुक साहेब हार घालताना आलेच पाहिजेत, तमुक अध्यक्षांचे डोळे मिटलेले चालणार नाहीत. लाखोंचा जनसागर काय या साहेबांना पाहायला येतो?

परभणीकडची म्हातारी शिवाजी पार्कात भाकरीचे गाठोडे सोडून बसलेली असते. बापाच्या खांद्यावर झोपलेले पोर रांगेतून पुढे सरकत असते. पुस्तकांच्या स्टॉलवर एक मजूर खिशातले पैसे दोनदा मोजून मग पुस्तक उचलतो. हे फोटो पहिल्याच चाळणीत गळतात, कारण त्यात 'आपला' कोणी नसतो. प्रस्थापित वृत्तपत्रांना त्या दिवशी गर्दी आणि कचराच दिसतो, अशी आम्ही ओरड करतो. पण आमच्या स्मरणिकेत तरी ती म्हातारी कुठे आहे?

आता दुसरी गोष्ट. ही आम्ही वकील म्हणून सांगतो. एका गावात जयंतीच्या मिरवणुकीवर दगडफेक झाली. आमच्याच पोराने फोटो काढले होते. हातात दगड घेतलेला इसम एका हललेल्या फोटोत सापडला होता. निवड करताना पोराने 'खराब' म्हणून तो पुसला, कार्ड रिकामे करून दुसऱ्या कार्यक्रमाला वापरले. उरली ती व्हॉट्सॲपवर कोणाला तरी पाठवलेली प्रत. फोटो केव्हा, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही नोंद मूळ फाईलमध्ये असते, अशा प्रतीत ती उरत नाही. उलटतपासणीत आमच्याकडे उत्तर नव्हते. आरोपी केवळ त्यामुळेच सुटले असे नाही, पण ती रुखरुख गेलेली नाही.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितले. तो वाद जालन्याच्या निवडणुकीचा होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 लागू आहे. आता प्रमाणपत्रात फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या बोटांच्या ठशासारखा आकडा, द्यावा लागतो आणि तज्ज्ञाचीही सही लागते. फाईलमध्ये किंचित फेरफार झाला तरी हा आकडा बदलतो.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. निघण्यापूर्वी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवा, नाहीतर सायंकाळची सभा दुपारच्या रॅलीच्या आधी येऊन बसते. परत आल्यावर सगळे फोटो आधी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, एक डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवा. निवड, कातरकाम, उजळपणा हे सारे प्रतीवर करा. मूळ फाईलला हात लावू नका.

आणि यंदा निवडीला बसताना अध्यक्षांना जरा उशिरा बोलवा. तोवर वस्तीतल्या दोन बायकांना संगणकापुढे बसवून त्यांचे दहा फोटो आधी ठरू द्यावेत.