'कुंकू' की 'दुनिया ना माने'?

प्राचीन वाङ्मय शिकवताना आपण पाठभेदांविषयी फार दक्ष असतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे वर्गात आवर्जून सांगतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हाती लागेल ती डीव्हीडी लावून मोकळे होतो.

भंडाऱ्यात आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी व्ही. शांताराम यांचे 'प्रभात'मधील तीन सामाजिक चित्रपट पाहायला बसलो, तेव्हा ही विसंगती प्रकर्षाने जाणवली. 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) हे तिन्ही चित्रपट हिंदीतही निघाले: 'दुनिया ना माने', 'आदमी', 'पडोसी'. आमच्यापाशी दोन्ही संच होते. हिंदी संचाचे चित्र स्वच्छ होते; मराठी संचाचे चित्र फिकट आणि आवाजात खरखर. विद्यार्थ्यांनी हिंदीच्या बाजूने कौल दिला. त्यात नवल नाही. झाडीबोली बोलणाऱ्या मुलांना हिंदी परकी नाही; उलट त्या काळातली पुणेरी मराठीच त्यांना लांबची वाटते.

तरीही आमचे मत वेगळे आहे. हिंदी आवृत्ती हे मराठीचे भाषांतर नव्हे. तो स्वतंत्र पाठ आहे. ना. ह. आपटे यांच्या ज्या कादंबरीवर 'कुंकू' आधारलेला आहे, तिचे नाव 'न पटणारी गोष्ट'. त्यातला नकार हिंदी शीर्षकाने राखला. मराठी शीर्षकाने मात्र बोट थेट नीरेच्या कपाळावर ठेवले. शिवाय या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाज आणि माणसांचे बोलणे यांवरच सारा भार आहे. म्हणून प्रत निवडताना चित्राआधी आवाज तपासावा, आणि संवाद कळत असतील तर खरखर सोसून मराठी प्रतच लावावी, असे आम्हांस वाटते. 'माणूस'चेही तेच. गणपत हवालदार आणि मैना 'आदमी'त मोती आणि केसर होतात. नट तेच राहतात, पण घराचा वास बदलतो.

'शेजारी'पाशी मात्र आमचाच नियम आम्हांला मोडावा लागतो. धरणाच्या निमित्ताने एका गावातल्या हिंदू आणि मुसलमान मित्रांमध्ये फूट पाडली जाते, अशी ही कथा. मराठीत केशवराव दाते जिवबा झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीतही मिर्झा जागीरदारांनीच केला, पण ठाकूर साकारला मझहर खान यांनी. मुसलमान नटाने हिंदू व्हावे आणि हिंदू नटाने मुसलमान, ही योजनाच 'पडोसी'चे म्हणणे आहे. ते मराठी प्रतीत सापडत नाही. म्हणून येथे दोन्ही पाठ पाहणे अपरिहार्य आहे.

क्रम मात्र मराठीनंतर हिंदी असाच असावा. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. वैनगंगेच्या पाण्यासाठी ज्यांची गावे उठली, त्या घरांतली मुले आज आमच्या वर्गात बसतात. धरणाने शेजार कसा तुटतो, हे त्यांना शिकवावे लागत नाही. ते त्यांनी आधी आपल्या भाषेत ऐकावे, एवढेच आमचे मागणे.

प्रश्न केवळ एका वर्गाचा नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. त्यात 'प्रभात'च्या चित्रपटांच्याही फिती होत्या. जे उरले आहे त्यातले काय जपले जाईल, हे पाहणाऱ्यांच्या मागणीवरही ठरते. मराठीचे शिक्षकच सोयीसाठी हिंदी प्रत लावू लागले, तर मराठी प्रत नीट करून द्या, असे म्हणणार कोण? पुढच्या सत्रात आम्ही 'कुंकू' मराठीतूनच लावणार आहोत. संवादांची टिपणे आधी वाटू.