प्रेमाचा पुरावा आणि आपले वाचन

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयीन चर्चासत्रात विवाहसंस्थेतील बदलांवर बोलताना एका ज्येष्ठ वक्त्यांनी असे विधान केले की, आजच्या तरुण पिढीने प्रेमाचे रूपांतर व्हिसाच्या अर्जात केले आहे. जेथे हिशेब आला तेथे प्रेम संपले, आणि म्हणूनच मराठीत आता प्रेमकथा लिहिली जात नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी ग्रीन कार्डासाठी लग्न करणाऱ्यांवर नेहमीचे विनोदही झाले. प्रस्तुत लेख त्या टाळ्यांच्या विरोधात आहे. वक्त्यांविषयी आम्हांला आदर आहे. त्यांच्या वाचनपद्धतीविषयी मात्र गंभीर आक्षेप आहे.

त्याच आठवड्यात आमच्यापैकी एकीच्या पिशवीत कागदांचा एक गठ्ठा होता. आमची एक माजी विद्यार्थिनी तो घेऊन आली होती. मुलगी चोवीस वर्षांची, मराठीत एम. ए. झालेली. तिचा वाग्दत्त वर दहाव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेलेला आणि आता तिथला नागरिक. तीन वर्षांपूर्वी सांगलीत एका लग्नात दोघांची ओळख झाली. त्यानंतरचे बहुतेक सहजीवन फोनवर. तिचे म्हणणे एवढेच होते, "मॅडम, आमचे मेसेज मराठीत आहेत. इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्यानं ते पूर्ण आणि अचूक असल्याचं लिहून द्यावं लागतं. तुम्ही आणि सर द्याल का?"

आम्ही भाषांतर करावयास बसलो आणि आमची पंचाईत झाली. त्या निरोपांत प्रेम व्यक्त करणारे वाक्य जवळजवळ नव्हतेच. 'जेवलास का', 'औषध घेतलंस का', 'बाबांचं बीपी आता कसं आहे', 'पोचलास की कळव' हे मात्र रोज होते. मराठी माणसाला यात काय आहे हे सांगावे लागत नाही. परक्या अधिकाऱ्याला मात्र हा संवाद दोन प्रेमिकांचा की रुग्ण आणि परिचारिकेचा, असा प्रश्न पडू शकेल. त्याहून बिकट शब्द होता 'येते'. रोज रात्री फोन ठेवताना ती लिहायची, 'चल, येते.' निरोप घेताना 'जाते' म्हणू नये, हा आपल्या घराघरांतील संस्कार. शब्दशः भाषांतर केले तर ही मुलगी तीन वर्षे रोज रात्री 'मी तिकडे येत आहे' असे लिहीत होती असे दिसणार! आणि ज्या अर्जात येण्याच्या हेतूचीच तपासणी व्हायची, त्याच अर्जाला हे भाषांतर जोडायचे.

आता या अर्जाचे स्वरूप पाहू. अमेरिकी नागरिकाच्या वाग्दत्त वधूला वा वराला देण्यात येणारा के-१ हा व्हिसा १९७० पासून अस्तित्वात आहे. १९८६ च्या कायद्याने त्यात अशी अट घातली की, अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावेत. तेथे पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावे लागते. त्यानंतर कायम निवासाचा अर्ज, आणि तो मंजूर होताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर मिळणारे कार्ड सशर्त, दोनच वर्षांचे. ती दोन वर्षे संपत आली की पतिपत्नींनी पुन्हा संयुक्त अर्ज करून संसार खरा असल्याचे दाखवायचे. शिवाय कायम निवासाच्या टप्प्यावर बोलावणाऱ्याचे उत्पन्न साधारणपणे सरकारी दारिद्र्यपातळीच्या १२५ टक्के तरी असावे लागते. दुसरा मार्ग भारतात आधी लग्न करून पत्नी म्हणून अर्ज करण्याचा. म्हणजे लग्न कोठे करायचे, आधी की नंतर, विमानाचे तिकीट कधी काढायचे, त्याने शिक्षण पुरे करायचे की नोकरी धरायची, ती तिथे गेल्यावर कामाचा परवाना मिळेपर्यंत घर कसे चालायचे, यांतील एकही निर्णय हिशेबाशिवाय होऊ शकत नाही. पत्रिका, मुहूर्त आणि कार्यालयाचे बुकिंग यांचा हिशेब करणाऱ्या समाजाने या हिशेबाला नाक मुरडावे, हे नवल आहे.

मुळात हा हिशेब त्या दोघांनी निवडलेला नाही. तो करावयास कायदा भाग पाडतो, आणि नंतर केलेला हिशेब पाहून कायदाच संशय घेतो. या दुटप्पीपणाचा इतिहास जुना आहे. १९७९ साली विवाहासाठी लंडनला आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रो विमानतळावर कौमार्यतपासणी करण्यात आली. वाग्दत्त वधू म्हणून आलेली स्त्री खरोखरच अविवाहित आहे की नाही हे पडताळण्याची ही सरकारी रीत होती. बातमी फुटल्यावर ती बंद झाली. त्यानंतर १९८० मध्ये ब्रिटनने 'मुख्य हेतू' हा नियम आणला आणि १९८३ मध्ये तो अधिक कडक केला. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करावयाचे होते. त्याचा फटका मोठ्या प्रमाणावर भारतीय उपखंडातील पुरुषांना बसला. 'लग्नानंतर पत्नीसह ब्रिटनमध्ये राहणार' असे सरळ उत्तर देणारा अर्जदार आपल्याच तोंडाने हेतू कबूल करीत असे. यातला एक युक्तिवाद तर मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा: तुमच्याकडे वधू वराच्या घरी जाते, मग हा वर वधूच्या देशात का येतो? रूढी मोडली त्या अर्थी हेतू वाईट! आपल्याकडे घरजावयाला हसणारे आणि अर्ज नाकारणारे तेथील अधिकारी, दोघांची समज एकच होती. हा नियम १९९७ मध्ये सरकार बदलल्यावर रद्द झाला.

तो गेला, तरी संशयाने नवी रूपे घेतली. डेन्मार्कने २००२ साली नियम केला की, परदेशी जोडीदाराला आणायचे तर दोघांचेही वय २४ हवे. अनेक डॅनिश जोडपी सामुद्रधुनीपलीकडे स्वीडनमधील माल्मोला जाऊन राहिली. ब्रिटनने २००८ मध्ये ही वयोमर्यादा १८ वरून २१ केली. कारण देण्यात आले ते सक्तीचे विवाह रोखण्याचे. त्यात सापडले कोण? एक इंग्रज मुलगी आणि तिचा चिलीहून आलेला तरुण नवरा. त्यांच्यावर कोणीही सक्ती केलेली नव्हती, हे सरकारलाही मान्य होते. तरी त्यांना देश सोडावा लागला. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने क्विला खटल्यात हा नियम त्यांच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग करतो असा निर्णय दिला. तोवर त्यांच्या संसाराचा बराच काळ देशोदेशी गेला होता. पुढे २०१२ मध्ये उत्पन्नाची अट आली, वर्षाला १८,६०० पौंडांची. २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेण्यात आली. नुकते शिक्षण संपवलेल्या कोणाही तरुणाला विचारावे की, या अटीचा अर्थ काय होतो. प्रेम आहे की नाही हा प्रश्न येथे मागे पडतो आणि पगार किती हा पुढे येतो. अशा राज्यव्यवस्थेने प्रेमिकांना हिशेबी म्हणावे, आणि आपण टाळ्या वाजवाव्यात?

साहित्याच्या अभ्यासकांना आमचा प्रश्न याच ठिकाणी आहे. हेतू एकच आणि शुद्ध असला पाहिजे ही अट आपण कोणत्या कादंबरीला लावतो? वर्गात आपण विद्यार्थ्यांना शिकवतो की, पात्राची कृती अनेक प्रेरणांतून घडते. एकाच प्रेरणेवर उभे असलेले पात्र सपाट असते. मग जिवंत माणसांविषयी बोलताना आपण इतके सपाट वाचक कसे होतो? मुलीला तो मुलगा हवा आहे, त्याच्याजवळ राहायचे आहे, आणि त्याच्याजवळ राहायचे तर न्यू जर्सीत राहावे लागणार आहे. कदाचित तिला नवा देशही पाहायचा असेल, सांगलीतील चुलत्यांच्या नजरेपासून दूरही जायचे असेल. यातील एक प्रेरणा खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. ही साधी गोष्ट एका अमेरिकी न्यायालयाला १९७५ मध्येच कळली होती. बार्क खटल्यात कोरियातील जुन्या प्रेमिकांनी हवाईत लग्न केले होते आणि पुढे त्यांचे बिनसले, म्हणून ते लग्न खोटे ठरवण्यात आले होते. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे: लग्न करताना एकत्र आयुष्य उभारण्याचा हेतू होता का, एवढेच पाहायचे, परकीयांची लग्ने नागरिकांच्या लग्नांपेक्षा अधिक रूढ किंवा अधिक यशस्वी असावीत अशी मागणी करता येणार नाही. आमच्या मते हा उत्तम समीक्षेचा नमुना आहे.

याउलट आपल्याच परंपरेतील एक जोडपे या चाळणीत घालून पाहावे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी एकट्या अमेरिकेस गेल्या. गोपाळराव मागे राहिले. तेव्हा त्यांना व्हिसा लागत नव्हता. त्या काळातील त्यांचा पत्रव्यवहार काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली लिहिलेल्या चरित्रामुळे मराठी वाचकांसमोर आला. त्यात माया आहे, तशीच बोचरी दूषणे आहेत, संशय आहे, दुखावलेली उत्तरे आहेत. खऱ्या लग्नाचा पुरावा म्हणून ही पत्रे आज कोणी दाखल करील काय? वकील पहिला सल्ला देईल, भांडणाची पत्रे काढून टाका. पुराव्याच्या गठ्ठ्यात हसरे फोटो राहतात, वाढदिवसाचे केक राहतात, दोन्ही कुटुंबांचा एकत्र फोटो राहतो. उरते ते लग्नाचे जाहिरातपत्रक. आमच्या विद्यार्थिनीनेही पंधरा दिवसांच्या अबोल्याचे पान वगळले होते. तीन वर्षांतील सर्वांत खरे पान तेच होते असे आमचे मत आहे.

आमच्या मांडणीवरचा एक आक्षेप आम्ही मान्य करतो. फसवणूक होते. पैसे घेऊन लग्ने लावली जातात. त्याहून वाईट म्हणजे परदेशस्थ नवरे येथे लग्न करून मुलींना सोडून देतात, आणि मराठी घरांनाही हा अनुभव नवा नाही. परंतु खोट्या लग्नासाठी अमेरिकेच्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहेच. आणि प्रेमाच्या परीक्षेने त्या मुलींचे रक्षण होत नाही. उलट परीक्षा जितकी कडक, तितकी बोलावणाऱ्याची सत्ता मोठी. दोन वर्षांनी संयुक्त अर्जावर सही करायची की नाही, हे नवऱ्याच्या हाती राहते. छळ वा घटस्फोट झाल्यास एकटीने अर्ज करण्याची सवलत आहे. परंतु तेथेही लग्न खऱ्या हेतूने केले होते हे तिलाच सिद्ध करावे लागते. एच-४ व्हिसावर गेलेल्या आपल्या उच्चशिक्षित मुलींना २०१५ पर्यंत नोकरीच करता येत नव्हती. त्या वर्षी मुभा मिळाली तीही काहींनाच, नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचला असेल तर. नैतिक संताप खर्च करायचाच तर तो येथे करावा. पत्नीला स्वतःच्या नावाने राहण्याचा आणि काम करण्याचा अधिकार मिळाला, तर सोडून दिलेल्या स्त्रीचे हाल निम्मे कमी होतील. 'हिशेबी पिढी' म्हणून चुकचुकल्याने तिच्या पदरात काही पडत नाही.

हे सारे परक्यांचे दोष म्हणून आपण हात झटकू नयेत. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परकीयाला नोंदणीने नागरिकत्व मागण्यापूर्वी सात वर्षे येथे राहावे लागते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू पाहणाऱ्यांची नोटीस तीस दिवस लावली जाते, आणि आंतरजातीय वा आंतरधर्मीय जोडप्यांसाठी तो महिना कसा जातो हे प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या अनुभवांवरून ठाऊक आहे. ती जोडपीही हिशेब करतात: कोणत्या जिल्ह्यात नोटीस द्यायची, कोणाला कधी सांगायचे, कोणत्या मित्राकडे राहायचे. त्यांच्या हिशेबाला आपण धैर्य म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग सीमेपलीकडच्या जोडीदारासाठी केलेला हिशेब स्वार्थ कसा ठरतो? आणि ज्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नकार दिला, त्या समलिंगी जोडप्यांतील एखाद्याने परदेशात जाऊन लग्न करायचे ठरवले, तर त्यालाही आपण संधिसाधू म्हणणार काय?

मराठीत प्रेमकथा लिहिली जात नाही, ही तक्रार म्हणूनच आम्हांला उफराटी वाटते. दोन टाइमझोनांत वाटलेली रात्र, भाषांतरकाराच्या सहीसाठी प्राध्यापकांच्या दारात उभी राहणारी मुलगी, कोणता फोटो ठेवावा आणि कोणते भांडण लपवावे यावर फोनवरच होणारे नवे भांडण, ही आजची प्रेमकथाच आहे. ती आपल्याला दिसत नाही, कारण आपण तिच्यावर आधीच 'व्यवहार' असा शिक्का मारून ठेवला आहे. शिक्का मारणे हे कचेरीचे काम आहे. वाचणाऱ्याने ते हौसेने करू नये.

'येते' या शब्दाशी आम्ही एक आख्खी संध्याकाळ झगडलो. शेवटी इंग्रजीत निरोपाचाच शब्द लिहिला, आणि मराठी माणूस निघताना परत येण्याचे का बोलतो, ते दोन ओळींत खाली नमूद केले. भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याची ग्वाही देत दोघांनी सह्या केल्या. सही करताना 'पूर्ण' या शब्दापाशी हात थोडा थबकला. अबोल्याचे पान त्यात नव्हते. मुलाखत मुंबईला व्हायची आहे. गठ्ठा परत नेताना मुलगी दारात वळून आम्हांला म्हणाली, "येते, मॅडम. येते, सर." ते आम्हांला भाषांतरावाचून कळले.