ॲडजस्ट कुणी करायचं?



आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बहुतेकजणींच्या हकिकतीत एक इंग्रजी शब्द हटकून येतो. मग ती चौथीत शाळा सुटलेली असो की बी.कॉम. झालेली. सासू म्हणते, आई म्हणते, चौकीतला हवालदारही म्हणतो, "ॲडजस्ट कर गो बाय."

शब्द तसा कामाचा. गॅरेजमध्ये ब्रेक ॲडजस्ट होतो, कंत्राटदार दिलेली उचल पगारात ॲडजस्ट करतो, लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी ॲडजस्ट होते. त्यातल्या त्यात लोकलमधला प्रकार बरा. तिथे तिघीही थोड्या थोड्या सरकतात.

घरात मात्र सरकायचं एकटीनेच. पूर्वी 'सोस' म्हणत. त्यात निदान सोसण्यासारखं काही घडतंय, एवढी कबुली होती. 'ॲडजस्ट'मध्ये तीही नाही. मार असो, उपास असो, संशय असो, स्क्रू थोडा फिरवला की झालं! साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी हक्कसोडपत्रावर सही मागतानाही बहिणीला हेच ऐकवतात. 2005 च्या कायदादुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. पण माहेर तुटू नये म्हणून तिनेच ॲडजस्ट करायचं. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात घरं मिळाली आणि त्या घरांना वाळवी लागली. वाळवीच्या घरात धान्य, कपडे, अंथरुणं वाचवत संसार कुणी केला, हे सांगायला नको.

याच बंदराच्या धंद्यात या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. क्लिअरिंग एजंटकडे काम करणाऱ्या एका ताईंमुळे तो कळला. संकटात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान एकट्या मालवाल्याच्या माथी मारत नाहीत. जहाजाचा मालक आणि ज्यांचा माल वाचला ते सगळे, आपापल्या किमतीच्या प्रमाणात भरपाई देतात. हा हिशेब करणाऱ्याला म्हणतात 'ॲव्हरेज ॲडजस्टर'. 2021 साली सुएझ कालव्यात अडकलेल्या 'एव्हर गिव्हन' जहाजाच्या सुटकेचा खर्चही याच रीतीने वाटायचं ठरलं. म्हणजे बंदरावर ॲडजस्ट करणं म्हणजे नुकसान वाटून घेणं. बंदराच्या कुंपणाबाहेर आलं की तोच शब्द एकटीला पाण्यात ढकलतो.

दोष इतरांनाच का द्यावा? आमच्या जुन्या समझोतापत्रांत 'उभयतांनी ॲडजस्ट करून राहण्याचे मान्य केले' हे वाक्य आहे. लिहिणाऱ्या आम्हीच. एम.एस.डब्ल्यू.ला आम्ही मेरी रिचमंडची 1922 सालची केसवर्कची व्याख्या पाठ केली होती. तीत 'ॲडजस्टमेंट' आहे, पण ती माणूस आणि त्याचा भोवताल या दोघांमधली. परीक्षा झाली, भोवताल विसरला.

आता समझोत्यात हा शब्द लिहायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. त्याऐवजी नेमकं लिहायचं: महिन्याला घरखर्चाचे किती आणि कोणत्या तारखेला, दारू पिऊन आल्यास काय, सासूच्या आजारपणात रात्री कोण जागणार. कागद लांबतो. नवरेमंडळी कुरकुरतात, कधी बायकोही म्हणते, "एवढं कशाला, मी करीन ॲडजस्ट." तेव्हा तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचून दाखवावा लागतो.

पुढच्या अंकासाठी तुम्हीही लिहा. गेल्या महिन्यात हा शब्द तुम्हाला कुणी ऐकवला, आणि तुम्ही कुणाला?