विश्लेषण : इडलीचा स्टीमर सारखा ‘ट्रिप’ का होतो? अर्थिंगची वायर काढणे जिवावर का बेतू शकते?

सकाळचे साडेसहा. इडलीचा पहिला घाणा स्टीमरमध्ये, गिऱ्हाईक काउंटरवर, आणि तेवढ्यात पॅनेलमधला आरसीसीबी पडतो. वर केला की पुन्हा पडतो. मग कोणीतरी ‘जाणकार’ पुढे येतो, अर्थिंगची हिरवी वायर सोडवतो आणि स्टीमर सुरू होतो. होस्टेलच्या मेसमध्ये हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. नाश्ता वेळेवर मिळाला म्हणून आम्ही इंजिनीअरिंगची मुलेही गप्प बसलो. खरे तर त्या दिवशी बिघाड दुरुस्त झालाच नव्हता, फक्त त्याची सूचना बंद झाली होती.

वायर काढल्यावर नेमके काय होते?

विजेची गळती सुरूच राहते. तिचा जमिनीत जाण्याचा मार्ग तेवढा तुटतो आणि स्टीमरचा स्टीलचा सांगाडा ‘लाइव्ह’ होतो. ओल्या लादीवर उभा राहून ओल्या हाताने झाकण उचलणारा कामगार हाच मग नवा मार्ग ठरतो. आरसीसीबी जागेवर असेल, तर झटका बसल्यावर तरी तो पडतो. अनेक ठिकाणी तोही ‘डायरेक्ट’ केलेला असतो. एमसीबी अशा वेळी वाचवत नाही, कारण तो वायरच्या रक्षणासाठी असतो. माणसासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो, तर एमसीबीला पडायला कित्येक अँपिअर लागतात.

गळती येते कुठून?

बहुतेकदा हीटरमधून. स्टीलच्या नळीत तापणारी तार असते आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. बोअरच्या जड पाण्याने नळीवर क्षारांचा पांढरा थर चढतो. उष्णता पाण्यात जाईना की नळी आतून अति तापते, तडकते, पाणी पुडीपर्यंत पोहोचते आणि गळती सुरू होते. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी आरसीसीबी पडला तर कधी कधी पुडीने हवेतला दमटपणा शोषलेला असतो. असा हीटर सुकवून वाचू शकतो. तडकलेला मात्र बदलावाच लागतो.

दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. साधा मल्टिमीटर हीटरची तार तुटली आहे का, एवढे सांगतो. २३० व्होल्टवरच्या ३ किलोवॉटच्या हीटरचा रोध साधारण १७ ते १८ ओहम यायला हवा. गळती पकडायला ५०० व्होल्टचा मेगर लागतो. तार आणि नळी यांच्यातला रोध १ मेगाओहमपेक्षा कमी आला, तर तो स्टीमर वापरू नये. ही तपासणी पुरवठा पूर्ण तोडून, परवानाधारक वायरमननेच करायची.

एमसीबी पडत असेल तर?

बटण वर करताच पडला तर बहुधा शॉर्टसर्किट. काही वेळाने पडला तर जादा भार किंवा सैल जोडणी. सिंगल फेजवर ६ किलोवॉटचा स्टीमर सुमारे २६ अँपिअर घेतो. २० अँपिअरचा एमसीबी गरम किचनमध्ये तग धरत नाही, यात नवल नाही. पण वायर २.५ चौरस मिलिमीटरचीच ठेवून ४० अँपिअरचा एमसीबी बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण. तेव्हा वायर तापते आणि एमसीबी निवांत असतो. प्लग काळवंडला असेल, जळका वास येत असेल, तर स्टीमर तिथेच थांबवा.

काहीच पडत नाही, पण वाफ उशिरा येते? थ्री फेज स्टीमरमध्ये एखादा फेज गेलेला किंवा एक हीटर जळालेला असू शकतो. पाणी भरलेले असूनही ‘पाणी नाही’चा दिवा लागतो, तेव्हा पातळी मोजणारी सळई क्षारांनी माखलेली असते. गंमत म्हणजे क्षार नकोत म्हणून आरओचे पाणी भरले, तरी काही स्टीमर अडतात. ही सळई पाण्यातून वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावर चालते आणि आरओच्या पाण्यातून तो नीट वाहत नाही. स्टीमर कोणत्या पाण्यासाठी आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहूनच भरा.

मालकाने स्वतः काय करावे?

स्टीमर बंद करून, थंड झाल्यावर क्षारांचा थर नियमित काढा. लिंबूफूल म्हणजेच सायट्रिक ॲसिडचे पाणी त्यासाठी पुरते. पडलेले बटण एकदा वर करून पाहा. पुन्हा पडले तर स्टीमर बाजूला काढा, त्या दिवशी मेन्यूत पोहे-उपमा ठेवा आणि वायरमनला बोलवा. आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा. पुरवठा सुरू असताना ते दाबूनही तो पडला नाही, तर त्याच दिवशी बदलून घ्या. आणि तो पडला म्हणून अर्थिंग ठीक आहे असे समजू नका, ते बटण अर्थिंग तपासत नाही. अर्थिंगची तपासणी वायरमनकडून वेगळी करून घ्यावी लागते.